परक्या विद्यापीठात रुजताना
(परदेशात एका सत्रासाठी जाणाऱ्या युवक-युवतींसाठी व त्यांच्या पालकांसाठी)

आपल्या समाजाला परदेश नवा नाही. आखाती देशांतील नोकरी, बोटीवरील काम, धर्मगुरू व धर्मभगिनींचे रोममधील शिक्षण या निमित्ताने आपल्या घरांतील माणसे दूरदेशी जात आली आहेत. अलीकडे मात्र एक नवा प्रवासी या यादीत आला आहे. तो नोकरीला जात नाही आणि कायमचा राहण्यासही जात नाही. इथल्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी म्हणून तो एका सत्रापुरता, फार तर वर्षभरासाठी, परदेशातील विद्यापीठात शिकून परत येतो. इंग्रजीत त्याला एक्स्चेंज स्टुडंट म्हणतात. आपण त्याला आदानप्रदान विद्यार्थी म्हणू या.

निरोपाचा समारंभ आपण थाटात करतो. धर्मगुरू आशीर्वाद देतात, आजी जपमाळ हातात ठेवते, विमानतळावर दोन गाड्या भरून माणसे जातात. परंतु त्या मुलाने किंवा मुलीने परक्या गावात पहिली बॅग उघडल्यापासून पुढे काय होते, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. कित्येकदा ती बॅग पूर्ण उघडलीच जात नाही. 'सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे' असे म्हणत मूल खोलीच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखे राहते आणि परतते. प्रस्तुत लेखात आम्ही या रुजण्याच्या प्रक्रियेविषयी काही माहिती देऊ इच्छितो. प्रत्येक देशाची रीत वेगळी असल्याने सर्वच ठिकाणांविषयी बोलण्यापेक्षा एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे बरे. त्यासाठी बेल्जियममधील लूव्हेन हे विद्यापीठनगर आम्ही निवडले आहे.

आदानप्रदान म्हणजे काय?

पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणारा विद्यार्थी आणि आदानप्रदान विद्यार्थी यांत महत्त्वाचा फरक आहे. पदवीचा विद्यार्थी तिथल्या विद्यापीठाचा होतो. आदानप्रदान विद्यार्थी मूळ महाविद्यालयाचाच राहतो. दोन संस्थांमध्ये करार झालेला असतो. त्यानुसार सामान्यतः तो शुल्क आपल्याच संस्थेत भरतो, तिकडे विषय शिकतो आणि तिकडचे श्रेयांक इकडच्या गुणपत्रिकेत धरले जातात.

युरोपात या पद्धतीला व्यापक रूप मिळाले ते १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेमुळे. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. पुढे २०१४ पासून ती 'इरॅस्मस प्लस' या नावाने विस्तारली आणि भारतासारख्या युरोपबाहेरील देशांतील विद्यार्थ्यांनाही तिच्यातून दोन ते बारा महिने जाता येऊ लागले. ज्यांचे नाव या योजनेला दिले गेले ते इरॅस्मस हे रॉटरडॅमचे धर्मगुरू आणि थोर विद्वान होते. आयुष्यभर ते एका विद्यानगरीतून दुसरीकडे फिरत राहिले, आणि १५१७ ते १५२१ या काळात त्यांचा मुक्काम लूव्हेन येथेच होता.

लूव्हेनच का?

ब्रसेल्सपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेले लूव्हेन आपल्या वाचकांना वाटते तितके परके नाही. पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने १४२५ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या सहाशेव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी येथे भेट दिली होती. विद्यापीठाच्या मुद्रेवर पवित्र मरिया 'ज्ञानाचे आसन' या रूपात विराजमान आहे. विश्वाच्या प्रसरणाविषयीचा सिद्धांत १९२७ साली मांडणारे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र येथलेच प्राध्यापक होते.

भारताशी असलेला दुवा तर आणखी जवळचा आहे. छोटानागपूरचे प्रेषित म्हणून ओळखले जाणारे फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी १८९३ साली लूव्हेन येथेच देह ठेवला. 'रामकथा' या संशोधनग्रंथामुळे व इंग्रजी-हिंदी शब्दकोशामुळे भारतभर मान्यता पावलेले आणि १९७४ साली पद्मभूषण लाभलेले फादर कामिल बुल्के हे लूव्हेनचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. येथल्या संत अँथनी यांच्या प्रार्थनामंदिराखालील तळघरात मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांची सेवा करता करता स्वतः त्या रोगाने देह ठेवणारे संत डेमियन यांची समाधी आहे. तेही याच परिसरातले. १८५९ साली ते लूव्हेनच्या मठात दाखल झाले आणि १८६३ साली हवाईकडे निघाले, ते पुन्हा जिवंतपणी परतले नाहीत. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद बहाल केले.

एक व्यावहारिक सूचना. १९६८ साली भाषेच्या वादातून हे जुने विद्यापीठ दुभंगले. डच भाषक विद्यापीठ लूव्हेनमध्ये राहिले, तर फ्रेंच भाषक विद्यापीठ लूव्हें-ला-नव्ह या नव्याने वसवलेल्या गावी गेले. दोन्हींच्या नावांतील साम्यामुळे घोटाळा होतो. पत्रात कोणते गाव लिहिले आहे ते तिकीट काढण्यापूर्वी नीट पाहावे!

पहिले पंधरा दिवस

ब्रसेल्सच्या विमानतळावरून लूव्हेनला आगगाडीने पाव तासात पोहोचता येते. त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र कागदपत्रांचे असतात, आणि तेव्हाच खचून जाण्याचा धोका अधिक असतो.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत नगरपालिकेकडे नोंदणीची प्रक्रिया सुरू करायची असते. त्यातूनच पुढे निवासपत्र मिळते. दिलेल्या पत्त्यावर आपण खरोखर राहतो की नाही, याची खातरजमा करण्यासाठी स्थानिक पोलीस दारी येऊ शकतो. आपल्याकडे दारात पोलीस आला की शेजारपाजार गोळा होतो. तिकडे ती नित्याची बाब आहे. त्यासाठी दारावरील बेलवर आणि टपालपेटीवर आपले नाव लावलेले हवे. ही चिठ्ठी लावायला विसरलेल्या विद्यार्थ्याचे निवासपत्र विनाकारण लांबणीवर पडू शकते. आम्हांला या छोट्या चिठ्ठीत एक मोठा अर्थ दिसतो. आपले नाव दारावर लावणे म्हणजे 'मी येथे राहतो' असे त्या गावाला सांगणे.

विद्यार्थ्यांच्या खोलीला तिथे 'कोट' म्हणतात. खोली स्वतंत्र, पण स्वयंपाकघर बहुधा आठ-दहा जणांचे सामाईक असते. शीतकपाटातील कप्पे वाटलेले, सफाईची पाळी ठरलेली, कचरा वेगवेगळा करून नगरपालिकेच्या ठराविक पिशव्यांतच टाकायचा. ज्या मुलाने घरी कधी स्वतःचे ताट उचलले नाही, त्याची खरी प्रवेशपरीक्षा वर्गात होत नाही, ती या स्वयंपाकघरात होते. निघण्यापूर्वी दोन महिने त्याला भात, डाळ, अंडी आणि एखादी भाजी करायला शिकवावे, आणि भांडीही घासू द्यावीत. मसाला बरोबर न्यावा; परंतु मांस व दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेण्यास युरोपीय संघाच्या नियमांनुसार मनाई आहे, हे आई-आजींनी ध्यानात ठेवावे.

हे सामाईक स्वयंपाकघर हेच मैत्रीचे पहिले ठिकाण ठरते. फ्लेमिश माणूस स्वभावाने काहीसा अबोल असतो. वेळ ठरवल्याशिवाय तो कोणाकडे जात नाही आणि कोणी अचानक आलेलेही त्याला रुचत नाही. याचा अर्थ तो तुसडा आहे असा नव्हे. दुपारी तो पावाचे तुकडे व सूप यावर भागवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास गरम जेवतो. त्या वेळी आपणही स्वयंपाकघरात असावे. पहिल्या आठवड्यातच एखाद्या संध्याकाळी थोडा जास्त भात शिजवून 'घेता का?' असे विचारावे. दार ठोठावून ओळख होत नाही, ती चुलीपाशी होते, हा अनुभव आपल्या गावांतही आहेच.

लूव्हेनमध्ये सायकल ही चैनीची वस्तू नाही, ती विद्यार्थ्याचे पाय आहे. ती भाड्याने मिळते. अंधार पडल्यावर पुढचा व मागचा दिवा नसेल तर दंड होतो, आणि वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्यावे.

वर्ग, श्रेयांक आणि गुण

युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका सत्राला ३० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. त्यातले वर्गातले तास थोडे असतात. उरलेला वेळ ग्रंथालयात स्वतः वाचायचा असतो. वेळापत्रक मोकळे दिसते म्हणून निवांत राहणारा विद्यार्थी डिसेंबरात अडचणीत येतो.

कोणते विषय घ्यायचे याचा करार निघण्यापूर्वी दोन्ही संस्थांच्या संमतीने लिहिलेला असतो. तिकडे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर तो बदल लेखी नोंदवून दोन्हीकडील संमती घ्यावी. केवळ तोंडी होकारावर विसंबल्यास परतल्यावर श्रेयांक धरले न जाण्याची आणि एक सत्र वाया जाण्याची भीती असते.

गुणांविषयीही एक गैरसमज आधीच दूर व्हावा. लूव्हेनमध्ये गुण २० पैकी देतात आणि १० गुणांना उत्तीर्ण धरतात. आपल्याकडे नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या मुलाला १३ गुण मिळाले की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. तिकडे १३ हे बऱ्यापैकी गुण समजले जातात. पालकांनी १३ भागिले २० करून ६५ टक्के असा हिशेब मांडू नये आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. परीक्षाही अनेकदा तोंडी असतात. प्राध्यापकांसमोर बसून 'तुमचे मत काय?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. पाठांतरावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हे जड जाते. म्हणून वर्गात पहिल्या महिन्यातच एक तरी प्रश्न विचारावा. पहिला प्रश्न विचारला की दुसरा सोपा जातो.

दहा शब्दांची पुंजी

वर्ग इंग्रजीत असले तरी गाव डच बोलते. भाषेसाठीच ज्यांचे विद्यापीठ दुभंगले, त्या लोकांना आपल्या भाषेविषयी किती जिव्हाळा असेल, हे मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साबलिदान आपल्या मायबोलीत ऐकताना आपल्या वाडवडिलांना काय वाटले असेल, ते आठवावे.

फ्लेमिश लोकांनाही फ्रेंच भाषेच्या छायेत दीर्घ काळ काढावा लागला. फादर बुल्के विद्यार्थिदशेत मातृभाषेच्या त्या चळवळीशी जोडलेले होते. १९३५ साली भारतात आल्यावर त्यांनी हिंदीला जे प्रेम दिले, त्याचे मूळ बहुधा तिथेच होते. आपल्याकडे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण आहे. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने आपली भाषा इतकी आत्मसात केली की १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. आपल्या भाषेचा असा मान एका परक्याने राखला, तर परक्यांच्या भाषेचा मान आपणही राखावा.

सहा महिन्यांत विद्वत्ता येणार नाही. परंतु नमस्कार, आभार, कृपया, क्षमा असावी, माझे नाव अमुक, हे किती रुपयांना, म्हणजेच किती युरोंना, एवढी दहा-बारा वाक्ये निघण्यापूर्वी पाठ करता येतात. दुकानदार पुढे इंग्रजीतच बोलेल, पण त्याचा चेहरा बदललेला असेल.

शुक्रवारची संध्याकाळ

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याशी येतो. लूव्हेनची एक जुनी रीत आहे. शुक्रवारी दुपारनंतर स्थानकाकडे जाणारे रस्ते चाकांच्या बॅगांनी भरून जातात. बेल्जियम लहान देश असल्याने तिथले बहुसंख्य विद्यार्थी आठवड्याचे कपडे घेऊन आईवडिलांच्या घरी जातात आणि रविवारी रात्री परततात. आठवडाभर गजबजलेले गाव शांत होते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. सामाईक स्वयंपाकघरात दिवा लावणारा एकटा परदेशी विद्यार्थी उरतो.

आपल्या मुलांच्या आयुष्यात रविवार हा सर्वांत भरलेला दिवस असतो. सकाळची मिस्सा, गायकवृंद, चर्चच्या आवारात रेंगाळणारे मित्र, दुपारचे मासळीचे जेवण, येणारेजाणारे नातलग. तोच दिवस तिकडे सर्वांत रिकामा होतो. ही पोकळी सोमवार ते शुक्रवार जाणवत नाही. म्हणून ती ओळखूही येत नाही. 'आठवडाभर मी मजेत असतो, मग रविवारीच असे का होते?' असे त्या मुलाला वाटत राहते.

अशा वेळी तो चर्चकडे वळला तर आणखी एक धक्का बसतो. उंच कमानींच्या भव्य मंदिरात मोजकी माणसे आणि तीही बहुतांशी पांढऱ्या केसांची. आपल्याकडे उभे राहायला जागा नसते, याची सवय असलेल्या युवकाला दोनपैकी एक वाटू शकते. एक म्हणजे 'हे लोक श्रद्धाहीन झाले' असा तुच्छभाव. दुसरे, अधिक धोक्याचे, म्हणजे 'एवढ्या शिकलेल्या लोकांना देवाची गरज उरली नाही, मग मलाच का असावी?' असा प्रश्न. आपल्या मुलांपैकी काहींची मिस्सा पहिल्या महिन्यातच सुटते. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही, कोणाला कळतही नाही. घरी श्रद्धा ही गावाच्या प्रवाहासोबत वाहत होती. आता प्रथमच स्वतःच्या पायांनी चर्चपर्यंत जावे लागते.

आम्ही याकडे केवळ संकट म्हणून पाहत नाही. जी श्रद्धा आजवर वारसा होती, ती निर्णय बनण्याची ही वेळ असते. त्या रिकाम्या बाकांचा उपहास करण्यापूर्वी लिव्हन्स, डेमियन आणि बुल्के यांना ज्या भूमीने जगाला दिले, तिचे ऋण आठवावे. संत डेमियन यांच्या समाधीपाशी अर्धा तास शांत बसावे. बोचणाऱ्या एकटेपणाची त्यांना पुरेपूर ओळख होती.

व्यवहारात सांगायचे तर विद्यापीठाचा स्वतःचा धर्मग्राम आहे आणि त्यात इंग्रजीतून एकत्र येणारा आंतरराष्ट्रीय समुदायही आहे. धर्मज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी आलेले भारतीय धर्मगुरू व धर्मभगिनी लूव्हेनमध्ये भेटतात. मिस्सेच्या वेळा निघण्यापूर्वीच विचारून ठेवाव्यात आणि पहिल्याच रविवारी जावे. पहिला रविवार चुकला की दुसरा सहज चुकतो. केवळ मागच्या बाकावर बसून परतू नये. वाचन करावे, गायनात सामील व्हावे, खुर्च्या मांडाव्यात. ज्याच्या हाती काम असते, त्याची अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात येते, आणि परक्या गावात आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात येणे हेच रुजल्याचे पहिले लक्षण आहे. विद्यापीठाचे 'पँजिया' नावाचे आंतरसांस्कृतिक केंद्रही आहे. तिथे सर्व धर्मांचे व देशांचे विद्यार्थी एकत्र येतात.

मैत्रीच्या बाबतीत दोन टोके टाळावीत. एक, फक्त भारतीयांच्या घोळक्यात राहणे. दुसरे, स्वीकारले जावे म्हणून कशालाही होकार देणे. तिथल्या विद्यार्थिजीवनात बिअरची रेलचेल असते आणि काही विद्यार्थी मंडळांत प्रवेशविधीची प्रथा आहे. २०१८ साली लूव्हेनमधील अशाच एका मंडळाच्या प्रवेशविधीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यामुळे सारा देश हादरला होता. 'नको' म्हणणाऱ्याला तिथे कोणी बहिष्कृत करीत नाही. बहुतेक विद्यार्थी अशा मंडळांत नसतातच.

खोलीतील सोबत्याचे महत्त्व मात्र ओळखावे. १५२९ साली पॅरिसच्या एका महाविद्यालयात तीन परदेशी विद्यार्थी एका खोलीत राहू लागले: सव्हॉयचा एक मेंढपाळपुत्र, नव्हारचा एक उमराव आणि वयाने बराच मोठा असलेला एक बास्क. शिक्षणाच्या खर्चासाठी तो बास्क विद्यार्थी सुट्टीत फ्लँडर्समधील व्यापाऱ्यांकडे मदत मागत फिरत असे. ते तिघे म्हणजे संत पीटर फेबर, संत फ्रान्सिस झेवियर आणि संत इग्नेशियस. त्या खोलीतील मैत्रीचे फळ आज गोव्यात आपण वंदन करतो.

मधला उतार आणि नाताळ

परक्या ठिकाणी मन एका ठराविक चढउतारातून जाते, असे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या पाहणीवरून १९५५ साली मांडले. आरंभी उत्साह, मग उतार, मग हळूहळू स्थिरता. पुढील संशोधनात सर्वांचाच अनुभव असा नसतो असे दिसले. तरीही मधला उतार अनेकांना ओळखीचा वाटतो.

लूव्हेनमध्ये सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. म्हणजे हा उतार आणि काळोखाचे दिवस एकदमच येतात. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. उजेड असताना रोज थोडे चालावे, झोप व जेवणाची वेळ मोडू नये. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, वर्गात जावेसे वाटत नसेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तापाला औषध घेणे आणि प्रार्थना करणे यांत जसा विरोध नाही, तसाच यातही नाही.

काही दिवस अचानक ओळखीचेही वाटतात. सर्व संतांच्या सणाला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते आणि माणसे शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातात. आपल्याकडेही त्याच दिवसांत थडगी फुलांनी व मेणबत्त्यांनी सजतात. एरवी चर्चमध्ये न दिसणारा शेजारी त्या दिवशी आजोबांच्या थडग्यापाशी उभा दिसतो. त्याच्यासोबत आपणही आपल्या मृतांचे स्मरण करावे.

सर्वांत अवघड असतो तो नाताळ. जानेवारीत परीक्षा असतात, त्यामुळे नाताळची सुट्टी अभ्यासाच्या तणावात जाते. स्थानिक सोबती घरी गेलेले असतात आणि अख्ख्या इमारतीत दोनच खिडक्यांत दिवा असतो. म्हणून नाताळ कोठे व कोणासोबत साजरा करायचा, हे नोव्हेंबरमध्येच ठरवावे. धर्मग्रामातील कोणा कुटुंबाने बोलावले तर संकोच न करता जावे. कोणीच बोलावले नाही, तर मागे उरलेल्या इतर परदेशी विद्यार्थ्यांना आपणच जेवायला बोलवावे. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूलाही त्या रात्री स्वतःचे घर नव्हते, याचा अर्थ अशाच नाताळात खोलवर उमगतो.

पालकांसाठी दोन शब्द

शेतकरी कुटुंबांतील वाचकांना आम्ही भाताच्या लावणीची आठवण करून देतो. राबातले रोप उपटून खाचरात लावले की काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. जाणता शेतकरी तेव्हा काय करतो? मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी तो रोप उपटत नाही. तो बांध नीट करतो, पाणी राखतो आणि वाट पाहतो.

दिवसातून चार वेळा येणारा व्हिडिओ कॉल हे असे रोप उपटून पाहणेच आहे. तिकडे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे वेळ असते. आपल्याकडे रात्री आठची रोझरी सुरू होते, तेव्हा हिवाळ्यात तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि मूल वर्गात असते. आठवड्यातील दोन वेळा ठरवाव्यात, आणि त्यांपैकी एक रविवारची असावी. 'जेवलास का?' याबरोबरच 'या आठवड्यात नवीन कोण भेटले?' असेही विचारावे. गावातील कुरबुरी आणि आजीच्या दुखण्याचे रोजचे वर्णन टाळावे. मात्र गंभीर काही घडल्यास लपवू नये. मूल रडले तर लगेच 'परत ये' म्हणू नये. ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. पण सततची निराशा जाणवली तर विद्यापीठाशी संपर्क साधण्यास कचरू नये.

धर्मग्रामाचेही काम आहे. जाणाऱ्याला निरोप देताना तिकडील धर्मगुरूंच्या नावे परिचयपत्र द्यावे. लघु ख्रिस्ती समूहाने मध्यंतरी एखादे पत्र पाठवावे. आणि परतल्यावर त्याला केवळ 'थंडी किती होती?' एवढेच न विचारता जे पाहिले ते युवकांसमोर मांडायला सांगावे. परतणाऱ्यालाही पुन्हा एकदा रुजावे लागते. बदललेले मूल जुन्या चौकटीत बसेलच असे नाही.

बॅग उघडावी

यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमध्ये नेलेल्या आपल्या बांधवांना एक पत्र लिहिले होते. आज ना उद्या परत जायचे आहे म्हणून बोचकी बांधून बसू नका, असा त्याचा आशय होता. तेथे घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्याने सुचवले. ते लोक बळाने नेलेले बंदिवान होते, आपली मुले स्वेच्छेने जातात. तरीही तो सल्ला त्यांना लागू पडतो. सहा महिन्यांत घर बांधता येत नाही, पण बॅग पूर्ण रिकामी करून कपाटात लावता येते, दारावर नाव लावता येते आणि खिडकीत एक कुंडी ठेवता येते. आपल्याला काय मिळाले याच्या हिशेबाबरोबर या गावाला आपण काय दिले, हेही रोज रात्री स्वतःला विचारता येते.

आणि जे गावातच राहतात त्यांनीही एका गोष्टीकडे पाहावे. आपल्याही परिसरातील महाविद्यालयांत दूरच्या राज्यांतून आणि परदेशांतून मुले येतात. रविवारी आपल्या चर्चच्या मागच्या बाकावर एखादा अनोळखी तरुण एकटा बसलेला दिसतो. आपल्या मुलाला परक्या गावात कोणीतरी जेवायला बोलवावे अशी प्रार्थना आपण करतो. ती करून बाहेर पडताना आपण त्या तरुणापाशी थांबावे आणि त्याचे नाव विचारावे.